जुनी युरोपियन गाडी घ्यायची आहे : टिकाऊ आणि घरी दुरुस्त करता येईल अशी कोणती?

रानवाटा
नमस्कार मंडळी. साधारण १९८५ ते २००५ च्या दरम्यानची युरोपियन गाडी घ्यायचं पक्कं केलं आहे. सजवून ठेवायला नाही, रोज चालवायला. ऑईल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, बॅटरी ही कामं मी स्वतः करते. क्लच किंवा इंजिन उतरवायला लागणारी जागा आणि हत्यारं माझ्याकडे नाहीत. एस्टेट, म्हणजे मागे लांब डिकी असलेली मिळाली तर उत्तम, कारण सामान आणि कुत्रा दोन्ही कायम सोबत असतात. पळणारी गाडी नको आहे.

सध्याची यादी अशी : मर्सिडीज डब्ल्यू १२३ आणि डब्ल्यू १२४, व्होल्वो २४० किंवा ९४०, पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय, बीएमडब्ल्यू ई४६ आणि साब ९००.

प्रत्येक गाडीचं कौतुक भरपूर वाचून झालं आहे. मला हवंय ते उलटं : ही गाडी नेमकी कशाने अडते, आणि अडली तर ते काम माझ्यासारखीला जमेल का?

तेलकट_बोटे
इंजिन उतरवायची सोय नाही हे आधीच सांगितलंत ते फार बरं झालं. निम्मी निवड त्यावरच होते.

वीस-तीस वर्षांत रबर कडक होतं, प्लास्टिक ठिसूळ होतं, पत्रा गंजतो. यातून एकही कंपनी सुटलेली नाही. बघायचं ते दोनच : खराब होणाऱ्या भागापर्यंत हात पोचतो का, आणि तो भाग जाताना सोबत आणखी काय घेऊन जातो. या हिशेबात व्होल्वोची ‘रेडब्लॉक’ इंजिनं माझ्या मते सगळ्यांच्या पुढे आहेत. २४० (१९७४ ते १९९३), ७४० आणि ९४० (१९९० ते १९९८), सगळ्यांच्या पेट्रोल गाड्यांत हेच घराणं. बीडाचा ब्लॉक, इंजिन लांबीत बसवलेलं, ड्राइव्ह मागच्या चाकांना. बोनेट उघडलं की रेडिएटर आणि इंजिनाच्या मध्ये ऐसपैस जागा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळती ठेवणारा पट्टा), वॉटर पंप, अल्टरनेटर, सगळं पुढून उभ्या उभ्या होतं.

त्यातलं ८ व्हॉल्व्हचं बी २३० घ्या. याचा बेल्ट चालू गाडीत तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत. गाडी बंद पडते, टो करून आणायची, नवा बेल्ट घालायचा, पुन्हा चालू. १६ व्हॉल्व्हच्या बी २३४ ला हे लागू नाही, तिथे बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. जाहिरातीत ‘१६ व्हॉल्व्ह’ हे भूषण म्हणून लिहिलेलं असतं, तुमच्या कामासाठी ते नको.

आता खोडी. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी एक वाट असते, तिच्यात फ्लेम ट्रॅप नावाचा छोटा प्लास्टिकचा तुकडा बसतो. तो काजळीने तुंबला की आतला दाब वाढतो आणि सील मिळेल तिथून ऑईल बाहेर ढकलतं. लोक मग महागडी सीलं बदलत बसतात आणि मूळ कारण तसंच राहतं. तपासायचं सोपं आहे : इंजिन गरम होऊन आयडलवर असताना ऑईल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर रबरी हातमोजा धरा. मोजा आत ओढला गेला तर ठीक. फुगला तर वाट तुंबली आहे, किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. तुंबलेली वाट साफ करणं तुमच्या आवाक्यातलं काम आहे.

१९८० च्या दशकातल्या, साधारण १९८७ पर्यंतच्या २४० मध्ये इंजिनच्या वायरिंगचं आवरण आपोआप तडकून गळतं. त्याच्या पुढची घ्या, किंवा हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलल्याचं बिल मागा. आणि २४० मधला हीटरचा ब्लोअर डॅशबोर्डच्या पार पोटात आहे. तो बदलणं हे या गाडीतलं सगळ्यात कंटाळवाणं काम. बघायला जाल तेव्हा ब्लोअर सगळ्या स्पीडवर फिरवून आवाज ऐकाच.

सायलेन्सर
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण डब्ल्यू १२३ ला एवढ्या लवकर बाजूला सारू नका. १९७६ ते १९८५ या काळातली गाडी, सुमारे २७ लाख बनल्या. तुमच्या वर्षांच्या चौकटीत शेवटच्या शेवटच्याच बसतात, तरी विचार करा.

यातली डिझेल इंजिनं, चार सिलिंडरचं ओएम ६१६ आणि पाच सिलिंडरचं ओएम ६१७, पूर्णपणे यांत्रिक आहेत. एकदा सुरू झालं की चालत राहायला विजेची गरज नाही. टायमिंगला दुहेरी चेन. व्हॉल्व्हची फट हाताने जुळवायची असते : १४ नंबरचे पाने, फीलर गेज, थंड इंजिन. इनटेकला ०.१० मिमी, एक्झॉस्टला ०.३० मिमी. शांतपणे केलं तर सुट्टीच्या सकाळचं काम. हे वेळच्या वेळी होत राहिलं तर इंजिन कंटाळत नाही. झालं नाही तर व्हॉल्व्ह नीट मिटेनासे होतात, कॉम्प्रेशन पडतं, थंडीत स्टार्ट व्हायला कुरकुर सुरू होते. ‘जुनं डिझेल आहे, सकाळी जरा वेळ घेतंच’ असं विकणारा म्हणाला तर मान डोलावू नका. चांगलं ओएम ६१६ ग्लो प्लगचा (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारा हीटर) दिवा विझल्यावर लगेच धरतं.

दुसरी खोड व्हॅक्यूमची. दरवाजांचं सेंट्रल लॉक, ब्रेकचा बूस्टर आणि इंजिन बंद करण्याची यंत्रणा, तिन्ही एकाच व्हॅक्यूम पंपावर. कुठल्या तरी दरवाजातला रबरी पडदा फाटतो, व्हॅक्यूम गळतं, आणि किल्ली काढली तरी इंजिन चालूच. बोनेटखाली हाताने दाबून बंद करायची दांडी दिलेली आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण किल्ली फिरवल्यावर इंजिन तिथल्या तिथे बंद होतं का हे बघितलं तर अख्ख्या व्हॅक्यूमची तब्येत कळते.

वेग नको म्हणालात म्हणून सांगतो : २४० डी ला ६५, नंतरच्या वर्षांत ७२ हॉर्सपॉवर. चढावर मागच्या गाड्यांची रांग लागते. त्याची सवय करून घ्यावी लागेल.

मीटरगेज
इंजिनाबद्दल सायलेन्सर म्हणतात ते सगळं खरं. पण डब्ल्यू १२३ इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. जॅक लावायच्या जागा, दाराखालची पट्टी, पुढचे मडगार्ड, बॅटरीखालचा तळ, मागच्या खिडकीच्या काचेची खालची कड, डिकीत स्पेअर चाकाचा खड्डा. खालून नवं कोरं काळं अंडरकोटिंग मारलेलं दिसलं तर मी तरी ती गाडी सोडून देतो, कारण त्याखाली काय आहे ते मालकालाही सांगता येत नाही. इंजिन दुरुस्त करणारे पुष्कळ भेटतात. पत्रा कापून नीट वेल्डिंग करणारा शोधावा लागतो, आणि ते काम रानवाटा यांना घरी होण्यासारखं नाही.

आणखी एक, रोज चालवायची आहे म्हणून. युरो एनकॅपच्या टक्कर चाचण्या १९९७ मध्ये सुरू झाल्या. त्याआधीच्या गाड्या, अगदी व्होल्वो आणि मर्सिडीजसुद्धा, त्यांच्या काळात उत्तम होत्या, पण त्यांच्यात खिडक्यांवर उघडणाऱ्या पडदा एअरबॅग नाहीत, ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही. मर्सिडीजने ईएसपी पहिल्यांदा १९९५ मध्ये आणलं, तेही सर्वांत वरच्या गाडीत. मोठ्या रस्त्यावर वेगात फार फिरणं असेल तर हे मनाशी धरून निवडा.

पाचवा_गिअर
ई४६ बद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. १९९८ नंतरची गाडी, एअरबॅग भरपूर, ईएसपी आहे, मीटरगेज यांची काळजी मिटते. सरळ सहा सिलिंडरचं एम ५४ इंजिन चालवायला इतकं गोड आहे की बोलायची सोय नाही. टायमिंगला चेन आहे, बेल्टची भानगड नाही. आणि सुटे भाग, खुद्द कंपनीला भाग पुरवणाऱ्यांकडून, आजही सहज मिळतात.

तेलकट_बोटे
पाचवा गिअर, इंजिन गोड आहे यात वाद नाही. पण त्यांनी विचारलंय ‘कशाने अडते’, तर ते लिहू या.

ई४६ अडते ती कूलिंगने. कूलंटची टाकी प्लास्टिकची, रेडिएटरची तोंडं प्लास्टिकची, थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं. हे सगळं एकाच वयाचं असतं आणि एकामागून एक जातं. टाकीला आधी केसाएवढी चीर पडते, कूलंट हळूहळू कमी होतं, आणि एके दिवशी टाकी उभी फाटते. यात फसवणारी गोष्ट म्हणजे तापमानाचा काटा. तो कंपनीने मुद्दाम असा बसवलाय की बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तो मधोमधच उभा राहतो. हलला तेव्हा उशीर झालेला असतो. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, अॅल्युमिनियमचं, एकदा कडक तापलं की वाकतं.

त्यामुळे ई४६ घेतलीत तर टाकी, रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट आणि होज, सगळं एकदम बदलायचं. एक एक करत बसायचं नाही. हे काम घरी होतं, जागाही बरी आहे. त्याशिवाय इंजिनातली वाफ काढणारा व्हॉल्व्ह तुंबला की इंजिन ऑईल खातं. तो इनटेकच्या खाली दडलेला आहे, तिथवर पोचायला धीर लागतो. आणि मागच्या चाकांची यंत्रणा धरणारी चौकट, म्हणजे सबफ्रेम, जिथे बॉडीला बसते तिथला पत्रा तडकतो. हे बघायला गाडी लिफ्टवर घ्यावीच लागेल. तडा असेल तर पुढे बोलूच नका.

चेनबद्दलही एक. ‘चेन आहे म्हणजे काळजी नाही’ हे सरसकट खरं नाही. त्याच कंपनीचं नंतरचं एन ४७ डिझेल बघा : चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे. ती आवाज करायला लागली की गिअरबॉक्स नाहीतर इंजिन उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. पुढून उघडणारा बेल्ट, वेळेवर बदललेला, मला त्यापेक्षा केव्हाही परवडतो.

डिझेलवाली
ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय आम्ही घरात वर्षानुवर्षं वापरली आहे, त्यामुळे अधिकाराने सांगते. यात दोन वेगळी इंजिनं आहेत आणि विकणारे दोन्हीला नुसतं ‘टीडीआय’ म्हणतात. जुनं ९० हॉर्सपॉवरचं, कोड एएलएच किंवा त्याच्या आधीची भावंडं, यात बॉशचा फिरता डिझेल पंप एकटाच सगळ्या सिलिंडरना डिझेल पुरवतो. त्यानंतरचं पीडी, यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप-इंजेक्टर आणि तो दाबणारा कॅमशाफ्ट. पीडी ओढायला जोरदार, पण कॅमवर बोजा फार. त्याला फोक्सवॅगनचं ५०५.०१ मानांकनाचंच ऑईल लागतं. मधल्या कुणा मालकाने साधं ऑईल घातलं असेल तर कॅमच्या कडा झिजलेल्या असतात आणि ते व्हॉल्व्ह कव्हर काढल्याशिवाय दिसत नाही. घरी हात घालायचा असेल तर फिरत्या पंपाचंच बघा.

बेल्ट मात्र देवाच्या भरवशावर ठेवू नका. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह गेलेच. बदलताना बेल्टसोबत टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंपही बदलायचा, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि त्याचं बेअरिंग गेलं तरी बेल्ट जातो. शिवाय बेल्टला किलोमीटरइतकीच वर्षंही मोजायची असतात. दहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीचा बेल्ट ‘फक्त वीस हजार चाललेला’ असला तरी म्हाताराच.

गाडी सतत गावातल्या गावात चालली असेल तर इनटेकमध्ये काजळीचा थर जमतो आणि टर्बोची पाती अडकतात. टेस्ट ड्राइव्हला मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यात पूर्ण दाबून बघा. मध्येच ताकद नाहीशी झाली, आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर परत आली, तर बहुतेक तेच आहे. ऑटोमॅटिक घेऊ नका, मॅन्युअलच.

सायलेन्सर
डिझेलवाली ताई, तिसऱ्या गिअरची ही परीक्षा फार कामाची आहे. आयडलवर थरथर आणि बंद करताना खडखड येत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हीलही (क्लचजवळचं, धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक) बघायला हवं ना?

डिझेलवाली
अगदी. ज्या टीडीआयमध्ये ते आहे तिथे क्लच बदलताना ते सोबत बदलावं लागतं, आणि गिअरबॉक्स उतरवण्याचं काम असल्यामुळे गॅरेज आलंच. खडखड ऐकू आली तर तो खर्च धरूनच भाव करायचा.

हिरवं_तेल
धाग्यात एकही फ्रेंच गाडी नाही याचं वाईट वाटलं. प्यूजो ३०६ आणि सित्रोएन बीएक्स मध्ये बसणारं एक्सयूडी डिझेल कुणी पाहिलंय का? यांत्रिक पंप, साधी रचना, आणि टायमिंग लॉक करायला खास हत्यार लागत नाही. पुलींना भोकं दिलेली आहेत, त्यात ८ मिमीचे बोल्ट घातले की पुली जागच्या जागी पक्की. एक काळजी : कूलंट बदलल्यावर हवा नीट काढायची, वरचे ब्लीड स्क्रू उघडून, घाई न करता. हवेचा बुडबुडा राहिला की हेड तापतं. एक्सयूडीचं बदनाम झालेलं हेड गॅस्केट बऱ्याचदा या घाईचं फळ असतं.

बीएक्सच्या (१९८२ ते १९९४) हायड्रॉलिक सस्पेन्शनला लोक उगाच भितात. चाकांपाशी लोखंडी गोळे असतात, त्यांना स्फिअर म्हणतात. आत एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला एलएचएम हे हिरवं तेल, मध्ये पडदा. काही वर्षांत नायट्रोजन झिरपून जातो आणि गाडी दगडासारखी कडक होते. गोळा ऑईल फिल्टरसारखा फिरवून काढायचा आणि नवा बसवायचा. आधी प्रेशर सोडायला मात्र विसरायचं नाही. शॉक अॅब्सॉर्बर बदलण्यापेक्षा मला हे सोपं जातं. दुसरं कुठलंही तेल त्यात जाता कामा नये, सील विरघळतात. एलएचएमची टाकी उघडून रंग बघा : स्वच्छ हिरवा हवा, तपकिरी झाला असेल तर कुणी लक्ष दिलेलं नाही.

रानवाटा
वा, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बीएक्स मनात भरली आहे, पण चांगल्या अवस्थेतली मिळणं अवघड दिसतंय. साब ९०० बद्दल कुणी सांगेल का? क्लच घरी बदलता येतो असं ऐकलंय, खरं आहे?

मीटरगेज
खरं आहे. जुन्या ९०० मध्ये (१९७८ ते १९९३) इंजिन उलटं बसवलंय, क्लच पुढे रेडिएटरच्या बाजूला येतो. बोनेट उघडून, गिअरबॉक्सला हात न लावता, क्लच वरून निघतो. माझ्या माहितीतली क्लचची ही सगळ्यात सोपी रचना. पण गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली आहे, आणि नाजूक तोच आहे. तो गेला की दोन्ही एकत्र उतरवायचे. म्हणजे एक काम सोपं झालं तेवढंच दुसरं अवघड.

साबचं २०११ च्या डिसेंबरमध्ये दिवाळं निघालं. ओरिओ नावाची भागांची कंपनी त्यातून वाचली आणि पुढे भाग पुरवत राहिली, त्यामुळे झिजणाऱ्या वस्तू मिळतात. पण दिवे, काचा, आतले प्लास्टिकचे भाग यांच्यासाठी मोडीतल्या गाड्यांवर अवलंबून राहावं लागतं. पहिलीच जुनी गाडी म्हणून मी सुचवणार नाही. घरात दुसरी गाडी असेल तर जरूर घ्यावी.

भागांवरून सगळ्यांसाठीच एक गोष्ट. खरेदीआधी घरी बसून दहा-बारा भाग शोधून बघा : वॉटर पंप, पुढचे खालचे आर्म, इंजिन माउंट, ब्रेक होज, फ्युएल पंप, विंडस्क्रीन, टेल लॅम्प, एक्झॉस्ट. एकाहून जास्त उत्पादकांचे मिळतात का, आणि त्यात लेमफोर्डर, झाक्स, बॉश, माले अशी कारखान्यात भाग देणारी नावं आहेत का? कंपनीच्या डब्यात बऱ्याचदा यांचाच माल असतो. पुलीपासून सीलपर्यंत सगळं मिळतं पण पुढची काच मिळत नाही, अशीही मॉडेलं आहेत.

पाचवा_गिअर
+१. आणि गाडी कोणत्या काळातली आहे त्यावर निदान कसं करायचं ते ठरतं. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलना २००४ पासून ईओबीडी (संगणकातले बिघाडाचे कोड वाचायची एकसारखी सोय) बंधनकारक झालं. त्यापुढच्या गाड्यांत साधा रीडर लावून कोड वाचता येतो. त्याआधीच्या काहींना प्रत्येक कंपनीची वेगळी तऱ्हा. १९८० च्या आधीच्या रचनेच्या गाड्यांना काहीच लागत नाही. त्रास होतो तो मधल्या, १९९० च्या दशकातल्या गाड्यांना : संगणक आहे, पण तो बोलतो कुणाशी हे शोधावं लागतं.

रानवाटा
सगळ्यांची मनापासून आभारी आहे. आता दोन गाड्या समोर आल्या आहेत. पहिली डब्ल्यू १२४ ची एस्टेट, १९९५ ची, ई २२० पेट्रोल, कागदपत्रं बऱ्यापैकी. दुसरी व्होल्वो ९४० एस्टेट, १९९४ ची, २.३ पेट्रोल, मॅन्युअल, रंग उडालेला पण मालकाकडे बिलांची जाडजूड फाईल. मर्सिडीज दिसायला कितीतरी सुंदर आहे. काय बघू?

तेलकट_बोटे
मर्सिडीजचं आधी, कारण तिथे तीन गोष्टी निर्णायक आहेत.

एक, वायरिंग. साधारण १९९३ ते १९९५ मधल्या डब्ल्यू १२४ ला इंजिनच्या हार्नेसचं आवरण असं वापरलंय की ते उष्णतेने कोरडं पडून बिस्किटासारखं तुटतं. ई २२० मधलं एम १११ त्यातच येतं. इंजिनावरच्या एखाद्या कनेक्टरची रबरी टोपी थोडी मागे सरकवा आणि आतली वायर बोटांनी हळूच वाकवून बघा. तडकली, आतलं तांबं दिसलं, तर हार्नेस बदलावा लागेल. तांब्याच्या तारा उघड्या पडल्या की आपसात टेकतात आणि इंजिनचा संगणकही जाऊ शकतो. आधीच बदललेला असेल तर त्याचं बिल त्या गाडीतली सगळ्यात मोलाची वस्तू.

दोन, एस्टेटच्या मागच्या बाजूला गाडी आपोआप पातळीत ठेवणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन आहे. वर बीएक्सबद्दल लिहिलं तसेच नायट्रोजनचे गोळे. खड्ड्यातून जाताना मागून टणक, उडाल्यासारखी वाटली तर गोळे संपलेत. ते बदलता येतात. पण पाइप गंजलेले असतील तर काम वाढतं.

तीन, पत्रा. बाजूची रुंद प्लास्टिकची पट्टी सगळं झाकते. जॅकच्या जागांवरची झाकणं काढून टॉर्च मारा. पुढच्या स्प्रिंगांच्या वरच्या वाट्या चाकाच्या कमानीत डोकं घालून बघा.

९४० मध्ये काम सोपं आहे. ओडोमीटरवर विसंबू नका, या गाड्यांत त्यातलं प्लास्टिकचं दातेरी चाक तुटतं आणि आकडा थांबतो. म्हणून टेस्ट ड्राइव्हला आकडा पुढे सरकतोय का बघा, आणि खरं रनिंग बिलांवरच्या तारखा आणि किलोमीटर जुळवून काढा. तुम्ही जाडजूड फाईल म्हणालात, त्यात शिक्के किती यापेक्षा बिलांवर भागांचे नंबर आहेत का ते वाचा. शिक्का कुणीही मारतो. भागाचा नंबर लिहिलेलं बिल काम झाल्याचं सांगतं.

मालकाला आधीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बोनेट उघडून हाताचा पंजा ब्लॉकवर ठेवा. कोमट लागलं तर चहा-पाणी करा, गप्पा मारा, दुसऱ्या दिवशी परत या. थंड स्टार्टला पहिला धूर निळा असेल तर व्हॉल्व्हची सीलं, पांढरा दाट आणि गोडसर वास असेल तर कूलंट आत जातंय.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही चाकांवर वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या वर्षांचे टायर दिसले तर मालक अडल्याशिवाय खर्च करत नाही. जुन्या रबरी ब्रेक होजही बघा. बाहेरून बऱ्या दिसतात, आतून फुगून बंद होतात आणि ब्रेक सोडल्यावरही चाक अडून राहतं. गाडी चालवून आल्यावर चारही चाकांच्या मध्याशी हात नेऊन बघा. एक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर तिथे काम आहे.

डिझेलवाली
फक्त एक जोड. कुणी ९४० डिझेल दाखवलं तर त्यात व्होल्वोचं नाही, फोक्सवॅगनचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, पुढे टायमिंगचा बेल्ट आणि मागे डिझेल पंपाचा वेगळा बेल्ट. मला डिझेल प्रिय असूनही ते मी घेणार नाही.

रानवाटा
दोन्ही बघून आले. मर्सिडीजची वायर वाकवली तशी कनेक्टरपाशी आवरणाचे तुकडे पडले. मालकाला याची कल्पनाच नव्हती, आम्ही दोघांनी मिळून आणखी एक कनेक्टर पाहिला, तिथेही तेच. ९४० थंड होती, पहिल्या झटक्यात धरली, मोजा आत ओढला गेला. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीला गंज आहे, आरपार नाही. ओडोमीटर चालतो. बेल्ट आणि वॉटर पंपाचं बिल आहे, तीन वर्षांपूर्वीचं. शनिवारी पुन्हा जाऊन व्यवहार करायचा विचार आहे. इंजिनच्या संगणकात काही दडलंय का हे कसं बघू? रीडर लावायची जागा सापडली नाही.

तेलकट_बोटे
रीडर नकोच. बोनेटखाली, पुढच्या डाव्या सस्पेन्शनच्या बुरुजाजवळ झाकण असलेली काळी छोटी डबी आहे. झाकण उघडलं की नंबर घातलेली भोकं, एक बटण, एक लाल दिवा आणि लोंबणारी एक पिन दिसेल. पिन २ नंबरच्या भोकात घाला, हे फ्युएल इंजेक्शनचं. किल्ली ऑनवर, इंजिन बंद. बटण एक-दोन सेकंद दाबून सोडा आणि दिव्याची उघडझाप मोजा. तीन आकडी कोड येतो, प्रत्येक आकड्यानंतर थोडा थांबतो. १-१-१ आला तर काही नोंद नाही. दुसरा आला तर लिहून घ्या आणि पुन्हा बटण दाबा, पुढचा कोड येईल. मग पिन ६ मध्ये घालून हेच इग्निशनसाठी करा.

कुठला कोड आला ते इथे लिहा. शनिवारी दुपारपर्यंत मी आहे.

मीटरगेज
आणि डाव्या कमानीचा फोटो टाका, आतल्या बाजूचा, चाक काढून. तिथला गंज आतून पुढे कितपत गेलाय त्यावर भावाचं ठरेल.